गांडूळ नव्हे, नागही नव्हे

भनपुरी ही रायपूरची कारखान्यांची वस्ती. इथे जंगल कुठले आणि साप कुठले, असे वाटते. पण गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंनी हाक मारली, ‘‘धावा, मोरीत नागाचं पिल्लू आलंय!’’ मी पोहोचेपर्यंत त्यांच्या मुलाने चपलेने त्याचा निकाल लावला होता.

पाहिले तर गांडुळाएवढा, काळपट, चकचकीत वाळा. ‘‘काकू, हा बिनविषारी.’’

‘‘पण तो कानात शिरतो म्हणतात ना?’’

हा निव्वळ गैरसमज. बिचाऱ्याला धड दिसतही नाही. डोळ्यांच्या जागी खवल्यांखाली दोन ठिपके. राहतो मातीत, खातो मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या. गंमत म्हणजे या जातीत सगळ्या माद्याच! नराशिवाय अंडी घालतात. त्यामुळे कुंडीतल्या मातीतून एक मादी गेली, तरी नव्या मुलखात संसार थाटते.

अशीच ही जात थेट कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस बेटावर पोहोचली आहे. तिथल्या जंगलात साधारण असाच दिसणारा, जेमतेम १० सेंटीमीटरचा एक मूळचा साप आहे. जगातला सर्वांत लहान! २००८ मध्ये ब्लेअर हेजेस यांनी त्याला शास्त्रीय नाव दिले. मादी एका वेळी एकच अंडे घालते, आणि बेटावरचे जुने जंगल तर शेतीपायी बहुतेक संपलेले. सुमारे २० वर्षे तो कुणाला दिसला नव्हता. मार्च २०२५ मध्ये दगडाखाली सापडला, तेव्हा हा वाळा तर नाही ना, हे सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागले.

जाणकारांची ही गत, मग चप्पल उगारताना आपण साप कसा ओळखणार? एवढे लक्षात ठेवा. नाग आणि मण्यार, म्हणजे इथला करैत, यांची पिल्ले वाळ्याहून लांब आणि जाड असतात. विषारी मात्र जन्मापासूनच. ओळख पटली नाही, तर हात लावू नका, मारूही नका. दूर राहून सर्पमित्राला बोलवा. चावल्याची नुसती शंका आली, तरी बैगाकडे न जाता सरळ इस्पितळ गाठा.

परवा काकूंनी पुन्हा हाक मारली. मोरीत वाळाच होता. या वेळी त्यांच्या मुलाच्या हातात चप्पल नव्हती, सुपली होती. वाळा तुळशीच्या कुंडीमागच्या ओल्या मातीत दिसेनासा झाला.