दुसरी भाषा कोणासाठी?

रील आणि व्हिडिओ करणाऱ्या धाराशिवच्या तरुणांना सगळीकडून एकच सल्ला मिळतो: मराठीत कोण बघणार, हिंदीत कर, जमले तर इंग्रजीत कर. सल्ल्यामागचा हिशेब सरळ आहे. २०११च्या जनगणनेत मातृभाषा मराठी सांगणारे सुमारे ८ कोटी ३० लाख होते, हिंदी सांगणारे जवळपास ५३ कोटी. पण हा हिशेब अर्धाच आहे. बाजार मोठा असला म्हणून गिऱ्हाईक आपल्याच दुकानाची पायरी चढेल असे नाही. मोठ्या भाषेत बोलणाऱ्यांचीही गर्दी मोठी असते आणि त्या गर्दीत आपलेच का ऐकावे, याचे उत्तर नसेल तर कोटींचा आकडा कागदावरच राहतो. परभाषेत व्हिडिओ करायला माझा विरोध नाही. उलट या जिल्ह्यातून ते आणखी व्हायला हवेत. भाषा मात्र बोलणाऱ्यांची संख्या बघून निवडू नये. आपल्याजवळच्या माहितीची गरज कोणाला आहे, ते बघून निवडावी.

या कसोटीवर पाहिले तर आपली दुसरी भाषा इंग्रजीपेक्षा आधी कन्नड आणि तेलुगू ठरते. तुळजाभवानीच्या दर्शनाला कर्नाटक आणि तेलंगणातून भाविकांची रीघ लागते. नवरात्राआधी भाद्रपद वद्य अष्टमीपासून देवीची मंचकी निद्रा सुरू होते. मूर्ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात आणि घटस्थापनेच्या दिवशी ती पुन्हा सिंहासनावर येते. दसऱ्यानंतर पौर्णिमेपर्यंत पुन्हा निद्रा असते. बिदर किंवा कलबुर्गीहून निघालेल्या कुटुंबाला हे दोन मिनिटांच्या कन्नड व्हिडिओतून आधी कळले, तर सिंहासनावरच्या रूपाची आस धरून आलेली म्हातारी हिरमुसून परतणार नाही. उमरगा तालुक्याची हद्द तर कर्नाटकालाच भिडलेली आहे; दोन्ही भाषा सहज बोलणारी माणसे तिथे मिळतात. हे काम त्यांच्याइतके चांगले कोण करील?

परक्याशी आपण बोललो नाही, तर तो आपल्याबद्दल त्याला हवे तेवढेच लिहितो. आपल्या जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख आहे, पण तिथून भडोच बंदराकडे जाणाऱ्या कापडासारख्या व्यापारी मालापुरताच. लिहिणारा व्यापाराच्या नजरेने पाहत होता. कापड विणणाऱ्यांबद्दल त्याला काही सांगायचे नव्हते. म्हणून परभाषेत बोलायलाच हवे, आणि ते कसे बोलावे याचा धडा फादर थॉमस स्टीफन्स यांच्याकडून घ्यावा. इंग्लंडमध्ये जन्मलेले स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांचे मराठी काव्य ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. मधली साडेतीन दशके ते इथल्या लोकांत राहिले, त्यांची भाषा शिकले आणि त्यांच्या कानाला सवयीची असलेली ओवी त्यांनी आपलीशी केली. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, तो आपल्याला पटो न पटो. पण ऐकणारा कोण, हे ठरवून त्याच्या घाटात बोलण्याची त्यांची मेहनत खरी होती. मराठी वाक्यांवर इंग्रजी शब्द चिकटवून तयार केलेल्या व्हिडिओत नेमकी तीच मेहनत नसते.

यावर कोणी म्हणेल, पैशाचे काय? परदेशी प्रेक्षकांवर जाहिरातीचे उत्पन्न जास्त मिळते, ही गोष्ट खरी आहे आणि घर चालवू पाहणाऱ्या तरुणाला ती कमी लेखायला सांगणे बरे नव्हे. पण तो प्रेक्षक टिकतो तो दुसरीकडे न मिळणाऱ्या माहितीमुळे. आपल्या जिल्ह्याची उस्मानाबादी शेळी घ्या. कोरड्या हवेत तग धरणारी, जुळी करडे देणारी ही जात महाराष्ट्राबाहेरही पाळली जाते. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस का टोचायची, गाभण शेळीला खुराक कसा वाढवायचा, हे रोज हाताळणाऱ्याने सांगितले तर कोणत्याही भाषेतला पशुपालक ऐकेल. दुसरा आक्षेप यंत्राचा: यूट्यूबवर आता एकाच व्हिडिओला अनेक भाषांतले आवाज जोडता येतात, यंत्र आपोआप डबिंगही करते, मग भाषा शिकायची कशाला? यंत्राची मदत जरूर घ्यावी. पण मुळात सकस मजकूर नसेल तर यंत्र त्यात जीव ओतणार नाही, आणि लसीचे प्रमाण बदललेल्या भाषेत बरोबर उतरले का, हे तपासायला जाणता माणूस लागतोच.

म्हणूनच आधी मराठी. हा अभिमानाचा हट्ट नाही. या जिल्ह्याच्या इतिहासाने शिकवलेली गोष्ट आहे. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू होती. आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेण्याची वेळ इथल्या शेतकऱ्यावर येत असे. दोष उर्दूचा नव्हता. लोकांच्या कामाचे ज्ञान लोकांच्या भाषेत नव्हते, हा दोष होता. भूम-कळंबच्या शेळीपालकाला न कळणाऱ्या भाषेत त्याच्याच शेळीची माहिती जगाला सांगितली, तर तीच चूक आपण आपल्या हाताने करू. आधी मराठीत नीट सांगावे, मग ज्याला गरज आहे त्याच्या भाषेत तितक्याच निगुतीने सांगावे. मंदिर संस्थान, कृषी विज्ञान केंद्र आणि महाविद्यालये यांनी अशा तरुणांना खरी माहिती आणि कन्नड-तेलुगू जाणणाऱ्यांची जोड मिळवून दिली, तर धाराशिवचा आवाज हद्दीपलीकडे जाईल आणि घरच्यांनाही तो कळेल.