आईचा आवाज आणि आईचा मेसेज



रोज सकाळी सुप्रभातचे चित्र, रात्री "जेवलीस का?", त्यावर आपला अंगठा. मी अमेरिकेत आले तेव्हा कॉलिंग कार्डावरची मिनिटे मोजत बोलावे लागे. आता बोलणे जवळजवळ फुकट झाले, तर आपण लिहायला लागलो! माझ्या मते हा व्यवहार तोट्याचा आहे, आणि ही नुसती जुन्या दिवसांची हळहळ नव्हे.

२०१० साली विस्कॉन्सिन विद्यापीठात (मॅडिसन) लेस्ली सेल्टझर, सेथ पोलॅक आणि सहकाऱ्यांनी ७ ते १२ वर्षांच्या ६१ मुलींना परक्या माणसांसमोर भाषण करायला आणि तोंडी गणिते सोडवायला लावली. ताण अर्थातच वाढला. मग काहींना आई प्रत्यक्ष भेटली, काहींशी फोनवर बोलली, काहींना फक्त सिनेमा दाखवला. फोनवरच्या नुसत्या आवाजाने ऑक्सिटोसिन जवळजवळ प्रत्यक्ष भेटीइतकेच वाढले. २०१२ साली याच गटाने आईला मेसेज पाठवायला सांगितले, तेव्हा मुलींची स्थिती आईशी संपर्कच न झालेल्या मुलींसारखी राहिली. प्रयोग छोटा आहे, मुलींवरचा आहे. सत्तरीच्या आईला तो जसाच्या तसा लावू नये. तरी मला तो महत्त्वाचा वाटतो.

कारण मेंदू शब्द आणि सूर वेगवेगळे हाताळतो. बहुतेकांची भाषा डाव्या बाजूला असते. सुरातली भावना ओळखण्यात आणि व्यक्त करण्यात उजव्या बाजूचा वाटा मोठा. (उजव्या मेंदूचे 'क्लास' घेणाऱ्यांनी यावरून नवी जाहिरात काढू नये.) १९७९ साली रॉस आणि मेसुलम यांनी एका शिक्षिकेची हकीकत प्रसिद्ध केली. उजव्या बाजूच्या स्ट्रोकनंतर तिचे शब्द शाबूत होते, पण आवाज सपाट झाला. वर्गातली मुले ऐकेनात. आपण रागावलो आहोत हे तिला शब्दांत सांगावे लागे!

असे रुग्ण सहज नजरेतून सुटतात. अमेरिकेतल्या रुग्णालयांत स्ट्रोक मोजण्याच्या पट्टीत ४२ पैकी ७ गुण भाषेशी संबंधित आहेत. उजव्या बाजूच्या इजेत बहुधा दिसणाऱ्या, एका बाजूकडे लक्षच न जाण्याला फक्त २. त्यात आपले आईवडील इथे आले की डॉक्टरला मराठी येत नाही, आणि दुभाष्या शब्दांचे भाषांतर करतो, सुराचे नाही. बाबा तुटक बोलू लागले की आपणही "रुसले असतील" म्हणून सोडून देतो. आवाज हळूहळू सपाट होत गेला असेल तर पार्किन्सन्स किंवा नैराश्यही असू शकते. पण अचानक तसे झाले आणि सोबत चेहरा किंवा हात लुळा पडला, तर इथे ९११, महाराष्ट्रात १०८. "यांचा आवाज असा नव्हता," हे वाक्य डॉक्टरला आपणच सांगायचे आहे. ते सांगायला आधीचा आवाज कानात असावा लागतो.

उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे साडेआठ म्हणजे पुण्यात संध्याकाळचे सहा. चहा झालेला असतो, मालिका सुरू व्हायच्या असतात.