अपुरी दर्शनी भिंत

इटलींतील फ्लॉरेन्स नगरांत सॅन लोरेन्झो नांवाचें एक प्रसिद्ध उपासनामंदिर आहे. त्याच्यासमोर प्रथमच उभा राहणारा प्रवासी बहुधा बुचकळ्यांत पडतो. दर्शनी भिंतीवर ना संगमरवर, ना पुतळे. नुसतें ओबडधोबड बांधकाम! ही भिंत पुरी करावी काय, हा प्रश्न तेथें मधून मधून निघत आला आहे. २०११ सालीं तेथील तत्कालीन महापौर मात्तेओ रेन्झी यांनीं ती मायकेल अँजेलोच्या आराखड्याप्रमाणें बांधावी, अशी सूचना केली होती. आमच्या मतें ती आहे तशीच राहूं द्यावी.

या स्थळींचें पहिलें मंदिर इ. स. ३९३ मध्यें संत अँब्रोझ यांच्या हस्तें प्रतिष्ठित झालें. सध्यांची इमारत १४२० च्या सुमारास मेदिची घराण्याच्या द्रव्यसाहाय्यानें ब्रुनेल्लेस्की या शिल्पज्ञानें आरंभिली. विद्यापुनरुज्जीवनाच्या काळांत प्राचीन रोमन वास्तूंचा जो नवा अभ्यास सुरू झाला, त्याचें फळ येथें दिसतें. करड्या दगडाचे खांब, त्यांवरील अर्धवर्तुळाकार कमानी आणि पांढऱ्या भिंती यांची प्रमाणबद्धता आंत पाऊल टाकतांच मन शांत करते.

ब्रुनेल्लेस्की १४४६ सालीं वारला. काम इतरांनीं पुढें चालविलें. पुढें मेदिची कुळांतीलच पोप दहावे लिओ यांनीं दर्शनी भाग मायकेल अँजेलोकडे सोंपविला. १५१८ मध्यें करार झाला. संगमरवरासाठीं त्या कलावंतानें खाणींत महिने घालविले. पण १५२० मध्यें करार रद्द झाला. एक लांकडी नमुना व कांहीं रेखाटनें तेवढीं मागें राहिलीं.

कोणी म्हणेल, त्याच नगरांतील सांता क्रोचे मंदिराचा दर्शनी भाग १८६३ मध्यें व मुख्य मंदिराचा १८८७ मध्यें पुरा झालाच ना? खरें, पण त्या शिल्पज्ञांनीं तें काम आपापल्या नांवानें केलें. येथें मात्र हात आजच्या कारागिराचा आणि नांव मायकेल अँजेलोचें, असा प्रकार होईल. काम चालू असतांनाही तो आपले बेत बदलीत असे. मग लांकडी नमुन्यावरून त्याचें अखेरचें मन कोण ओळखणार? दुसऱ्याच्या अपुऱ्या निबंधास आपला शेवट जोडावा व खालीं सही मात्र त्याची करावी, हें आपण शाळेंत खपवून घेत नाहीं.

येथवर काम झालें, पुढें झालें नाहीं, एवढेंच ती भिंत पांचशें वर्षें सांगत आहे, आणि तें खरें आहे. तिचें चित्र विद्यार्थिमित्रांच्या पाहण्यांत आल्यास तिला ओसाड म्हणण्यापूर्वीं त्यांनीं आंतील खांबांचेंही चित्र अवश्य पाहावें.