दुधाच्या दातांची हयगय

मुलाच्या तोंडात पहिला दात दिसला की घरभर कौतुक होते, आणि तीन-चार वर्षांनी त्याच दाताला कीड लागली म्हणजे ‘दुधाचाच आहे, पडायचाच आहे’ एवढे बोलून वडीलधारी मंडळी त्या तक्रारीचा निकाल लावून मोकळी होतात. ही वृत्ती घरापुरती असती तर तिच्याकडे कानाडोळा करता आला असता, परंतु सरकारी व्यवहारातही तिचेच प्रतिबिंब पडावे, ही चिंतेची बाब होय.

भारतीय दंतवैद्यक परिषदेने २००२-०३ साली देशभर जी पाहणी केली, तीत पाच वर्षांच्या सुमारे निम्म्या बालकांच्या दातांना कीड लागल्याचे आढळले. जो विकार दर दोन मुलांतील एकास जडतो, त्याला मामुली म्हणण्याची सवय केवळ त्याच्या सार्वत्रिकतेमुळेच लागली असावी.

वस्तुतः दुधाचे सगळेच दात लवकर पडत नाहीत. मागच्या दाढा दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत टिकतात, आणि त्यांच्या मागे सहाव्या वर्षी जी दाढ उगवते ती कायमची असूनही पालक तिला दुधाचीच समजतात. किडलेल्या दाढेमुळे मूल नीट चावत नाही, रात्री झोपत नाही, शाळा चुकवते. आणि ती दाढ अकाली काढावी लागल्यास शेजारचे दात सरकून येणाऱ्या दाताची जागा व्यापतात.

कारणेही गूढ नाहीत. दातांवरील थरातील जंतू साखरेचे आम्ल करतात व ते आम्ल दाताचे कवच झिजविते. म्हणून साखर किती खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा खाल्ली, हे अधिक महत्त्वाचे. मूल रडले की बिस्किट, हट्ट केला की चॉकलेट आणि निजताना तोंडात दुधाची बाटली, हा क्रम चालू असता केवळ सकाळच्या दंतमंजनावर भिस्त ठेवणे व्यर्थ होय.

२०१३ साली पालघर येथे ज्याचा आरंभ झाला, त्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीच्या यादीत दंतविकारांचा समावेश आहे, आणि त्याची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत जावीत असा नियमही आहे. परंतु कीड दप्तरी नोंदल्याने बरी होत नाही, आणि रोजंदारी बुडवून मुलाला जिल्ह्याच्या रुग्णालयात नेणे मजूर मातेला परवडत नाही. दात न कोरता कीड थोपविणारे रुप्याचे फ्लोराइडयुक्त द्रावण जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आवश्यक औषधांच्या यादीत घातले आहे. त्याने किडलेला भाग काळा पडतो हे खरे, पण पालकांना पूर्वकल्पना देऊन पथकातील प्रशिक्षित व्यक्तीकडून ते जागच्या जागी लावण्याची तजवीज करता येईल.

त्याचबरोबर प्रत्येक अंगणवाडीत जेवणानंतर सेविकेच्या देखरेखीखाली फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दात घासण्याचा पाठ सुरू करावा. यवतमाळ, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांत काही ठिकाणी पाण्यातच फ्लोराइड अधिक असल्याने तेथे पाण्याची तपासणी आधी झाली पाहिजे. मात्र तेवढ्यासाठी अन्य जिल्ह्यांतील मुलांना तांदळाच्या किंवा वाटाण्याच्या दाण्याएवढ्या टूथपेस्टपासून वंचित ठेवण्याचे कारण नाही. कार्यक्रमाच्या यशाचे मोजमाप किती मुले तपासली यावर न करता किती मुलांची कीड थांबली यावर करावे, आणि तोच आकडा दरसाल जिल्हा परिषदेपुढे मांडण्याची सक्ती असावी.