औषध दुधातून यावे. पण कोणत्या अटीवर?

बत्तीस शिराळा म्हटले की नागपंचमी आठवते. सांगली जिल्ह्यातील त्याच शिराळ्यात आज घोड्यांच्या रक्तापासून सर्पदंशावरील प्रतिविष तयार होते. घोड्याला विषाची अल्प मात्रा टोचायची, त्याच्या शरीरात प्रतिपिंडे निर्माण होऊ द्यायची आणि ती रक्तातून वेगळी काढायची, ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी. बांधावर साप चावलेला शेतकरी वाचतो तो या मुक्या जनावराच्या ऋणावर. पशूपासून औषध घ्यावे की नाही, हा प्रश्न आपण केव्हाच सोडविला आहे. आता प्रश्न आहे तो मर्यादेचा.

१९९७ मध्ये स्कॉटलंडात पॉली ही मेंढी क्लोनिंगने जन्मली. हिमोफिलियाच्या रुग्णांना लागणारे, रक्त गोठविणारे प्रथिन तिच्या दुधात उतरावे म्हणून तिच्यात मानवी जनुक घातले होते. २००९ मध्ये जनुकबदल केलेल्या शेळीच्या दुधातील अँटिथ्रॉम्बिन या औषधाला अमेरिकेने मान्यता दिली. आपल्याकडे कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत २०२३ मध्ये ‘गंगा’ ही गीर कालवड क्लोनिंगने जन्मली. तिच्यात परके जनुक नाही. पण त्या दिशेचे निम्मे तंत्र आपल्या हाती आले आहे.

गाईला माता मानणाऱ्या समाजाला हे खटकणे स्वाभाविक आहे. मात्र श्रद्धेच्या नावाने विज्ञानाला पाठ दाखविणे जितके अयोग्य, तितकेच गोठ्याला निव्वळ कारखाना समजणेही अयोग्य. क्लोनिंगमध्ये अनेक गर्भ वाया जातात आणि त्याची वेदना गर्भ वाहणारी मादी सोसते. औषधाच्या किमतीत ही वेदनाही मोजली पाहिजे.

यासंदर्भात सातारा जिल्ह्यातील फलटणचे उदाहरण बोलके आहे. तेथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या गारोल मेंढीतील जुळी कोकरे देणारे जनुक संकर व निवडीच्या मार्गाने दख्खनी मेंढीत आणले. त्यातून ‘नारी सुवर्णा’ सिद्ध झाली. येथे क्लोनिंग नव्हते, परके जनुकही नव्हते. प्रयोगशाळेतील डीएनए चाचणी आणि धनगराचा कळप मात्र एकत्र आले. संशोधनाचा लाभ प्रथम मेंढपाळाच्या पदरात पडावा, हा त्यातील धडा होय.

औषधी दुधाचे संशोधन भारतात व्हायचे असेल, तर ते सार्वजनिक संस्थांच्या देखरेखीखाली व्हावे. अशा जनावरांचे दूध वा मांस अन्नसाखळीत शिरता कामा नये. माणदेशची खिल्लार असो वा दख्खनी मेंढी, त्यांचे वाण पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्यांना लाभाचा वाटा मिळावा. २००२ च्या जैवविविधता कायद्यात लाभवाटपाचे तत्त्व आहेच. वाण आपले, पेटंट परक्याचे आणि औषध मात्र आपल्याच रुग्णाला न परवडणारे, असे घडू देणे म्हणजे त्या मुक्या जिवाच्या ऋणाचा अपमान ठरेल.