बोंजूर म्हणायला काय जातं?



लेकीकडे फ्रान्सला जाऊन आल्यावर तिथलं काहीतरी लिहीन, असं मागच्या खेपेला कबूल केलं होतं. आयफेल टॉवर पाहिला, बोटीत बसलो, फोटो तर इतके काढले की फोन भरला. पण ते सगळं तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेलंच असणार. (एक मात्र लक्षात ठेवा. लूव्रचं संग्रहालय मंगळवारी बंद असतं. आम्ही मंगळवारीच जाऊन उभे राहिलो होतो.) मला सांगायचंय ते त्याआधीच्या पाच महिन्यांचं. साठी उलटल्यावर मी पाटी-पेन्सिल घेऊन फ्रेंच शिकायला बसले, त्याचं.

लेक ल्योंला नोकरीला. सकाळी आठला घर सोडणार, संध्याकाळी सातला येणार. म्हणजे दिवसभर आम्ही दोघंच. "फोनमध्ये भाषांतर होतं, आई," असं ती म्हणाली. होतं, खरं आहे. पण फोन बाहेर काढून, चष्मा शोधून, बोट लावून होईपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो.

पणजीला आलियांस फ्रांसेझमध्ये रीतसर वर्ग आहेत. पण मांद्र्याहून पणजीला जाऊन येऊन आणि वर शिकून माझा दिवस गेला असता. शेवटी शिक्षिका घराशेजारीच सापडली. आमच्या गावात मोसम लागला की आश्वेपासून हरमलपर्यंत किनारा परदेशी पाहुण्यांनी भरतो. शेजारच्या घरी एक फ्रेंच बाई दरवर्षी चार-पाच महिने खोली घेऊन राहते. निवृत्त परिचारिका आहे. ठरलं असं की तिने मला फ्रेंच शिकवायची आणि मी तिला सोलकढी, उसळ नि आंबोळ्या. वाड्यावर सगळे मला वहिनी म्हणतात, म्हणून तीही वहिनीच म्हणायची.

पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "तुम्ही दोघं औषधं कोणती घेता?" मला वाटलं, ही मास्तरीण की डॉक्टर? ह्यांना मधुमेह आहे, जेवणाआधी गोळी असते, हे सांगितलं. तिने वहीच्या पहिल्या पानावर तीन वाक्यं लिहून दिली आणि म्हणाली, ही आधी पाठ कर, बाकीचं मग. मला तर कॉफी कशी मागवायची ते शिकायचं होतं. जरा रागच आला.

पण पुढे गंमत येऊ लागली. आपली जीभ ह्या कामाला अगदीच परकी नाही. फ्रेंचमध्ये अर्धे शब्द नाकातून म्हणायचे असतात. ती मला एक वाक्य म्हणायला लावायची, 'अँ बों वॅं ब्लां', म्हणजे एक चांगली पांढरी वाइन. फ्रेंचमधले सगळे नाकातले स्वर ह्या चार शब्दांत येतात. शहरी मराठी बोलणाऱ्यांना ते जड जातं म्हणे, पण आम्ही घरी कोंकणी बोलणारे. नाकातून बोलणं आम्हाला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. मी पहिल्याच दिवशी म्हणून दाखवलं तर ती बघतच राहिली. वाइनचा थेंबही न घेणारी बाई मी!

आणि शब्द! पोर्तुगीज गेले त्याला साठ वर्षं होऊन गेली, पण त्यांचे शब्द आपल्या स्वयंपाकघरात मुक्कामाला आहेतच. पोर्तुगीज आणि फ्रेंच दोन्ही लॅटिनच्या लेकी, त्यामुळे मावशीच्या घरी गेल्यासारखं होतं. आपला साबण तिथे 'साव्हों'. आपला पाव तिथे 'पॅं'. आमच्या घरात चमच्याला कुलेर म्हणतात, तिथे 'क्युयेर'. फेस्त ते 'फेत', दोतोर ते 'दोक्तर', अननस तर जवळजवळ अननसच. पण फसायलाही होतं. जुनी माणसं औषधांच्या दुकानाला बोतीक म्हणत. फ्रान्समध्ये 'बुतीक' म्हणजे कुठलंही दुकान, औषधांसाठी 'फार्मासी' शोधायची. बाहेर हिरवा क्रॉस असतो.

लिहिलेलं वाचायला गेलात तर मात्र पंचाईत. शब्दाच्या शेवटची अक्षरं बहुधा शोभेची असतात. रेनो गाडीचं नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं आठवा, शेवटी दोन अक्षरं फुकट उभी आहेत. मासळी खाणाऱ्यांनी आणखी एक जपावं. मासा म्हणजे 'पुआसों'. त्यातल्या स चा झ झाला की 'पुआझों', म्हणजे विष. मी पहिल्या महिन्यात किती वेळा विष मागितलं असेल, देव जाणे.

आकड्यांपाशी मी हात टेकले होते. साठपर्यंत सरळ, मग सत्तरला ते 'साठ-दहा' म्हणतात. ऐंशीला 'कात्र वॅं', म्हणजे चार वीस. नव्वदला 'चार वीस दहा', आणि सत्त्याण्णव म्हणजे 'चार वीस दहा सात'. मी वही मिटून ठेवली. रात्री अंथरुणावर पडल्यावर अचानक आजी आठवली. ती नारळ कसे मोजायची? तीन विसा, चार विसा, चार विसा आणि दहा! शाळा न शिकलेली माझी आजी फ्रेंचांसारखंच मोजत होती की. सकाळी उठून मास्तरीणबाईंना सांगितलं, तर त्या हसत सुटल्या. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तर-नव्वदसाठी सरळ शब्द आहेत म्हणे. पण आता मला आजीचेच बरे वाटतात. तरी दुकानात किंमत भरभर सांगितली की कळत नाही. तेव्हा 'एक्रिवे, सील वू प्ले' म्हणायचं, म्हणजे लिहून द्या, कृपा करून.

सगळ्यात जास्त भर होता तो बोंजूरवर. तुम्ही म्हणाल, एका शब्दात शिकायचं काय? तर तिथे दुकानात शिरलं की आधी 'बोंजूर मादाम' किंवा 'बोंजूर मस्य', मग काय हवं ते. निघताना 'मेर्सी, ओ रव्वार'. न बोलता वस्तूला हात लावला किंवा थेट किंमत विचारली, तर तो उद्धटपणा. आपल्याकडे कोणाच्या घरी गेलो तर "आसात गे?" म्हणून हाक मारूनच आत पाय टाकतो ना, तसंच ते. आणि अनोळखी माणसाला 'वू' म्हणायचं, म्हणजे तुम्ही. 'त्यु' म्हणजे तू, ते घरच्यांना, मित्रांना आणि देवाला. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

इतकं सगळं असूनही माझं तोंड उघडत नव्हतं. वहीत बरोबर, तोंडात कुलूप. ह्याचं कारण मला माहीत आहे. माझे वडील पेडण्यातल्या मराठी शाळेत शिकलेले. पुढे 'प्रिमेइर ग्राव'पर्यंत पोर्तुगीजही केली त्यांनी. एकदा जमिनीच्या कामाला एका कचेरीत गेले. काहीतरी चुकीचं बोलले आणि तिथले सगळे हसले. त्यानंतर 1961 पर्यंत आणि त्यानंतरही त्यांच्या तोंडून पोर्तुगीजचा एक शब्द कोणी ऐकला नाही. सगळं वाचता यायचं, पण बोलत नसत. ही गोष्ट आम्हाला त्यांनी कधी सांगितली नाही, आईने सांगितली. त्यांची ती गप्प बसायची सवय माझ्यात उतरली असावी.

मग मी आबे फारियाला आठवायचे. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे, हात पुढे केलेला, समोर झोपेत गेलेली बाई. 1945 साली रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला. हा 1756 मध्ये कांदोळीला जन्मलेला गोंयकार. लिस्बनला राणीसमोर प्रवचन करायला उभा राहिला आणि शब्दच फुटेना, तेव्हा वडील खालून कोंकणीत पुटपुटले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी." ही सांगोवांगीची गोष्ट, पण गोव्यात लहानपणापासून ऐकलेली. पुढे हाच माणूस पॅरिसमध्ये 1813 पासून संमोहनावर जाहीर व्याख्यानं द्यायचा. त्याची टिंगल करणारं नाटक तिथल्या रंगमंचावर आलं, तरी 1819 मध्ये त्याने आपला ग्रंथ फ्रेंचमध्येच लिहिला आणि त्याच वर्षी तो वारला. मी ओट्यापाशी भाजी चिरताना मोठ्याने म्हणायचे, "बोंजूर मादाम! ज वुद्रे अँ काफे!" ज वुद्रे म्हणजे मला हवं होतं. नुसतं 'हवंय' म्हणण्यापेक्षा हे नम्र. हे हॉलमधून विचारायचे, "कोणाशी बोलतेस?" भाजीशी!

मे महिन्यात मोपाहून मुंबई आणि मुंबईहून पॅरिस गेलो. चार दिवसांनी ल्यों. पहिल्या आठवड्यात माझं बोंजूर ऐकून बहुतेक जण हसून उत्तर द्यायचे आणि पुढचं इंग्रजीतच बोलायचे. पाच महिने वाया गेले की काय, असं वाटू लागलं.

मग एके दिवशी आम्ही फूर्व्हियेरच्या टेकडीवर गेलो. वर जायला दोराची गाडी आहे, पण ह्यांना हौस, चालत उतरू या म्हणाले. खाली जुन्या ल्योंमध्ये पोचेपर्यंत अडीच वाजले. खानावळीत जागा मिळाली की लगेच जेवायचं, म्हणून उतरतानाच ह्यांनी गोळी घेतली होती. आणि तिथे सगळीकडे स्वयंपाकघर बंद! दुपारचं जेवण बारा ते दोन, त्यानंतर थेट संध्याकाळी सात. म्हापशाची दुकानं दुपारी बंद होतात म्हणून हसणाऱ्या आमच्या लेकीने हे सांगायला हवं होतं, पण चूक माझीच. ग्लुकोजची पुडी दुसऱ्या पिशवीत, घरी.

तिसऱ्या खानावळीतून बाहेर आलो तेव्हा ह्यांना दरदरून घाम सुटलेला, हात थरथरत होते. मला म्हणाले, "जरा बसतो," आणि तिथेच पायरीवर बसले. जीभ जड झाली होती. फोन माझ्या हातात होता, पण बोटं चालेनात. कोपऱ्यावर एक बेकरी उघडी दिसली. मी आत धावले. दोन माणसं रांगेत होती. आणि मंडळी, अशा वेळीसुद्धा तोंडातून पहिलं काय निघालं असेल? "बोंजूर मादाम." मग वहीच्या पहिल्या पानावरची ती तीन वाक्यं. "मों मारी ए दियाबेतीक. द्यु स्युक्र, सील वू प्ले. व्हीत!" माझा नवरा मधुमेही आहे. साखर द्या. लवकर!

उच्चार कसा झाला ते मला आठवत नाही. बाईने मागे वळून संत्र्याच्या रसाची बाटली काढली, मूठभर साखरेचे खडे घेतले आणि गल्ला तसाच सोडून माझ्याबरोबर बाहेर आली. रांगेतल्या एका म्हाताऱ्याने ह्यांना धरून आत खुर्चीत बसवलं. दहा-पंधरा मिनिटांत ह्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. मग तिने पाव-चीज खायला घातलं, आणि पैसे विचारले तर रसाचेही घेईना. खूप काही सांगायचं होतं तिला, पण माझी फ्रेंच तिथेच संपली होती. "मेर्सी, मेर्सी" म्हणत राहिले. ती माझा हात धरून काहीतरी बरंच बोलली. त्यातलं मला 'मादाम' तेवढं कळलं.

परत आल्यावर त्या फ्रेंच बाईंना फोन केला. ती म्हणाली, "वहिनी, स्युक्रचा उच्चार आता तरी नीट येतो का?" ऑक्टोबरात येईल तेव्हा तिला पातोळ्या खायला घालायच्या आहेत.

आणि ह्यांचं काय? पाच महिने मला हसणाऱ्या ह्यांनी आता तो एक शब्द उचललाय. काल मासळी आणायला गेले, तर नेहमीच्या म्हातारीला म्हणाले, "बोंजूर मादाम." ती जराही गडबडली नाही. म्हणाली, "बांगडे बरे आसत, घे."