लेकरांची झोप आणि सातची घंटा

पूर्वप्राथमिक ते इयत्ता चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी काढला. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून तो लागू झाला. मुलांची झोप पुरी होत नाही, शाळांच्या वेळांचा विचार व्हावा, असे तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये सुचविले होते. रात्री उशिरापर्यंतची करमणूक, शहरातील गोंगाट, पावसाळ्या-हिवाळ्यातील पहाट आणि डब्यासाठी होणारी पालकांची ओढाताण ही कारणे शासनानेच नोंदविली. लेकरांच्या झोपेसाठी सरकारला कागद काढावा लागावा, हे तेव्हा काहींना हास्यास्पद वाटले. वस्तुतः ते लाजिरवाणे होते. आणि लाज सरकारला नव्हे, समाजाला वाटावयास हवी होती.

हिशेब साधा आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलास रोज नऊ ते बारा तास झोप हवी, असे अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये सांगितले. तीन ते पाच वर्षांच्या बालकास दुपारच्या डुलकीसह दहा ते तेरा तास हवेत. छत्रपती संभाजीनगरात सिडकोतील वा गारखेड्यातील मुलाची शाळा सातला भरत असेल, तर रिक्षा सव्वासहाला दाराशी येते. म्हणजे त्याला साडेपाचला उठविणे आले. किमान नऊ तास धरले, तरी रात्री साडेआठला त्याचा डोळा लागलेला हवा. साडेआठला दिवे मालवणारी घरे या शहरात किती सापडतील? त्या वेळी पोळ्या लाटल्या जात असतात, दूरचित्रवाणीवरील मालिका ऐन रंगात असतात आणि गृहपाठाची वही कुठे तरी नुकतीच उघडलेली असते. ज्या रिक्षात दहा मुले बसतात, तिच्यात पहिले चढणारे लेकरू सर्वांत आधी उठते. बहुधा तेच सर्वांत लांब राहणारे असते.

झोप म्हणजे वाया गेलेला वेळ, ही समजूत आपल्या मध्यमवर्गात घट्ट रुजली आहे. परीक्षा जवळ आली की पहिला घाव झोपेवर पडतो. परंतु शरीराची वाढ घडविणारे संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेतच स्रवते आणि दिवसभरात शिकलेले मेंदूत पक्के होते तेही झोपेतच. वही मिटल्यावर अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग सुरू होतो, असे म्हटले तरी चालेल. झोप न मिळालेले मूल पेंगतेच असेही नाही. ते चिडते, हट्ट करते, एका जागी बसत नाही, शेजाऱ्याला ढकलते. आणि गुरुजी प्रगतिपुस्तकावर 'चंचल' असा शेरा मारतात. काही मुले रात्री तोंड उघडे टाकून घोरतात. घरची मंडळी कौतुकाने म्हणतात, आजोबांवर गेला आहे! प्रत्यक्षात घशातील टॉन्सिल वा नाकामागील ग्रंथी वाढल्याने श्वास अडत असतो व झोप शंभर वेळा तुटत असते. असे रोज होत असेल, तर बालरोगतज्ज्ञ वा कान-नाक-घसा तज्ज्ञ यांच्याकडे जाणे हाच मार्ग.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. ब्राह्ममुहूर्तावर उठण्याची परंपरा असणाऱ्या समाजाने सूर्य वर येईपर्यंत मुलांना लोळत ठेवायचे काय? आक्षेप आदरणीय आहे, पण अर्धा आहे. लवकर निजण्या-उठण्याच्या म्हणीत निजणे आधी येते, हे आपण सोयीस्करपणे विसरलो. चरकसंहितेने आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीने निद्रेला शरीराचा उपस्तंभ मानले. दिवसा झोपणे एरवी निषिद्ध ठरविणाऱ्या त्याच ग्रंथाने बालकांना व अध्ययनाने थकलेल्यांना त्याची मोकळीक दिली. शरीरातील घड्याळाचा उलगडा करणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये नोबेल मिळाले, त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे दिनचर्या हा शब्द होता. शब्द राहिला, चर्या गेली.

ती कशी गेली, याचे उत्तर भ्रमणध्वनीकडे बोट दाखवून संपत नाही. पडदा दोषी आहेच. पाच वर्षांखालील मुलांना दिवसाकाठी एक तासाहून अधिक पडदा नको, आणि दोन वर्षांखालील बाळांना तर मुळीच नको असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बजावले. आपण मात्र घास भरवतानाच तो हाती देतो. पण वाळूजच्या कारखान्यातून दुसऱ्या पाळीनंतर मध्यरात्री घरी येणारा बाप लेकराला दिवसभरात दिसतो कधी? त्याच्यासाठी ते जागत असेल, तर दोष कुणाला द्यायचा? नाथसागर उशाशी असूनही या शहराने कित्येक वर्षे कित्येक दिवसांआड आणि अवेळी पाणी भरले आहे. नळ आला की बादल्या, मोटार आणि हाकांनी घर जागे होते, आणि त्याबरोबर पाळण्यातले बाळही. उन्हाळ्यात पूर्वी गच्चीवर अंथरुणे पडत; आजीची गोष्ट अर्ध्यावर असतानाच पोरे झोपत. सदनिकांच्या गच्च्यांना आता कुलपे आहेत.

गोंगाटाचे बोलायचे, तर ते स्पष्ट बोलले पाहिजे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकाला बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ती उचलून धरली. ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. पहाटेच्या भोंग्यांविरुद्ध आपण या नियमाचा आधार घेतला, तो रास्तच होता. मात्र हाच नियम रात्री दहाला सुरू होतो. वरातीतला डीजे, मंडळाच्या मिरवणुकीतील भिंतीएवढे ध्वनिक्षेपक यांनाही तो लागू आहे. खिडकीच्या काचा थरथरतात तेव्हा आतल्या तान्ह्याला तो आवाज कोणत्या धर्माचा हे कळत नाही. मंडळांत आपले कार्यकर्ते आहेत. तेथे शब्द टाकणे त्यांना अवघड नाही. कार्यकर्त्यांच्या घरचेही पाहावे. बैठक साडेदहाला संपते, जेवण अकराला होते आणि बाबांच्या वाटेकडे डोळे लावलेली मुले तोवर जागी असतात. बालांची शाखा सायंकाळी मैदानावर भरे, त्यामागे सोयीइतकेच शहाणपणही होते. खेळून दमलेले पोर जेवणाच्या ताटावरच डुलक्या घेई. ती सायंकाळ आता शिकवणीवर्गांनी व्यापली आहे.

राहिला शाळांचा प्रश्न. खरी अडचण असलेल्या शाळांनी शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन वेळ कायम ठेवावी, अशी वाट शासनाने ठेवली. इमारत एक, पाळ्या दोन, ही अडचण खोटी नाही. चिमुकल्यांना नऊला आणायचे, तर मोठी मुले सकाळी येणार. आणि किशोरवयात शरीराचे घड्याळच पुढे सरकते, त्यांना रात्री लवकर झोप लागत नाही. म्हणूनच कॅलिफोर्नियाने जुलै २०२२ पासून माध्यमिक शाळा साडेआठपूर्वी भरविण्यास कायद्याने मनाई केली. आपला निर्णय चौथीवर थांबला. पाचवी ते दहावीचे काय, हे कुणी ठरविलेले नाही. सभागृह व प्रवेशद्वारासाठी देणग्या गोळा करणाऱ्या संस्थांनी, त्यांत आपल्या विचारांच्या संस्थाही आल्या, आधी चार वर्गखोल्या बांधाव्यात. तोवर जूनमधील पहिल्या पालकसभेत शुल्क आणि गणवेशाच्या आधी एकच विचारावे: पहिली रिक्षा किती वाजता निघते, आणि तिच्यात बसणारे मूल आदल्या रात्री किती वाजता झोपले होते?